तळ्याचं तिकीट

बसचा वाहक तिकिटं फाडत होता, पण कान बादलीवाल्या आजींकडे होते.

"मासे घेऊन कुठं निघालात?" शेजारच्या कोळणीनं विचारलं.

"तळ्यात सोडायला. आमचे हे गेले, आता त्यांची टाकी बघवत नाही."

"नका सोडू, आजी. ही परकी जात. आमच्या मरळीची अंडी फस्त करते."

"हे? दिवसभर काच चाटतात बिचारे."

"तळ्यात हातभर वाढतात. माझ्या जाळ्यात आता हेच येतात. मरळ औषधालासुद्धा नाही."

"टाकी तर कालच बाजारातल्या दुकानदाराला विकली गं."



"तळं आलं," वाहक म्हणाला.

आजी उठल्या नाहीत. "बाजारापर्यंतचं तिकीट द्या. टाकी परत घेते. दुकानदार हसला तर हसू दे."