माझ्या हातावर घड्याळं बंद पडायची

आणि वर म्हणतात, "तुमचं काय बुवा, घड्याळ-दागिन्यांची कंपनी, पंख्याखाली बसून नोकरी!" बसून? अहो, सुखाने बसू दिलं असतं तर आज तक्रार कशाला करत असतो? बसण्यावरूनच तर सगळी बोलणी खाल्ली मी! कारकुनाने बसायचं नाही तर काय झाडावर चढायचं? पण आमच्या मालकांना बसलेला माणूस दिसला की पोटात दुखायचं. काचेच्या केबिनमधून आवाज यायचा, "अहो कारकून, हात हलवा, हात!" मी म्हणायचो, "लिहितोय ना, मालक." "लिहिताना बोटं हलतात. हात हलवा!"

तर झालं होतं असं की... थांबा, आधी ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल. समजालच तसंही, पण कारण कळलेलं बरं. या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही, बॅटरी घालावी लागत नाही. मनगटावर बांधायचं आणि आपण आपलं माणसासारखं जगायचं. हात हलेल तशी त्याला आपोआप चावी बसते. काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत बंद. आता दुकानातली घड्याळं काढूनच ठेवलेली असणार ना? पण मालकांचं म्हणणं, "गिऱ्हाइकाला बंद घड्याळ दाखवणं म्हणजे पाहुण्यांना झोपलेला नवरदेव दाखवणं!"

घड्याळं गोल गोल फिरवत ठेवणारं एक यंत्र मिळायचं म्हणे. आमचे घड्याळजी, म्हणजे डोळ्याला भिंग लावून कोपऱ्यात दुरुस्तीला बसणारे काका, त्यांनी एकदा धीर करून ते सुचवलं. किंमत ऐकून मालक खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "यंत्र कशाला? माणसं आहेत की आपली!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून आम्ही यंत्रं. ज्याचा हात जास्त हलतो त्याला महाग घड्याळ, असा हिशेब. त्यामुळे फरशी पुसणाऱ्या मावशींच्या मनगटावर सोन्याचं घड्याळ! गिऱ्हाईक दारातच त्यांना वाकून म्हणायचं, "मालकीणबाई, अंगठ्या कुठे मिळतील?" मावशी फडकं पिळत सांगायच्या, "डावीकडे, आणि पाय पुसून जा." मला मात्र सगळ्यात स्वस्तातली पाच, दोन्ही हातांवर वाटून. आणि तीसुद्धा बंद पडायची! म्हणजे काय, मी जिवंत आहे की नाही याचीच शंका. घड्याळजी भिंगातून माझ्याकडे बघून म्हणायचे, "यंत्र ठीक आहे हो, माणूसच बंद आहे."

आणि हे झालं घड्याळांचं. दागिन्यांचा भाग खऱ्या मालकीणबाईंकडे. त्यांनी कुठेतरी वाचलं की मोत्यांना अंगाची ऊब लागते, पेटीत पडून राहिले की निस्तेज होतात. मग काय, काउंटरवरच्या मुलींच्या गळ्यात माळा आल्या. त्यातल्या एकीला तर सगळे मोतीवालीच म्हणायचे, कारण मालकीणबाईंच्या मते तिच्या अंगावर मोती फार छान उजळायचे. मालकीणबाईंच्याच का... पण ते जाऊ द्या. नाही, जाऊ कसं द्या? त्याचीच तर गोष्ट आहे!

मोतीवाली रोज माझ्या आवक-जावकच्या टेबलापाशी यायची आणि म्हणायची, "अहो आवक-जावक, द्या ती घड्याळं इकडे, हलवून देते." मी पाचही काढून द्यायचो, ती मूठभर घड्याळं खुळखुळ्यासारखी हलवायची आणि हसायची. आता मला सांगा, असं कुणी तुमची घड्याळं हलवायला लागलं तर तुम्ही काय करणार? मी तेच केलं. बसल्या जागी प्रेमात पडलो. उठायची गरजच पडली नाही!

पण पुढे उठावं लागलं. कारण एके दिवशी ती हसली नाही. म्हणाली, "बाबांनी स्थळ बघितलंय. स्वतःच्या मालकीचे ट्रक आहेत. सोमवारी होकार कळवणार. तुम्हाला काही बोलायचं असेल तर रविवारी घरी येऊन बोला, नाहीतर जन्मभर बसा आवक-जावक करत." आणि तिचे बाबा कोण? निवृत्त फौजदार! चोराने नाव ऐकून घर बदलावं असे फौजदार.

रविवार म्हणजे दुकानाला सुट्टी. आणि सुट्टीला घड्याळं आम्ही घरी न्यायची, फिरायला! चोरीची भीती? मालक म्हणायचे, "दुकान फुटलं तर माल जातो. माणूस कुठे जातोय, पगार माझ्याकडे आहे." त्यातच शनिवारी मालकीणबाईंनी मला गाठलं. एक मुलगी रजेवर होती, तिची माळ पेटीत गार पडत होती. "शर्टाच्या आतून घाला, कुणाला दिसतंय!" नाही म्हणायची सोय होती का? त्याच आठवड्यात माझ्या हातावर तीन घड्याळं दगावली होती आणि मालकांनी बजावलं होतं, "आता एक जरी बंद पडलं, तर तुम्हाला दारात उभं करून येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवायला लावीन!"

तर असा मी निघालो, मुलगी मागायला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डाव्या बाहीत तीन घड्याळं, उजवीत दोन, छातीवर मोत्यांची दुपदरी माळ. काढून घरी ठेवावं तर आमच्या आईला चकाकणारी वस्तू दिसली की ती शेजारणीला दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. शिवाय डोक्यात एकच, हात हलवा, हात! मग काय, कवायतीला निघाल्यासारखा डावा हात हलवत निघालो. उजवा अडकलेला, त्यात बिस्किटांचा पुडा छातीशी धरलेला. रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची. एक म्हातारा तर उगाचच सलाम करून गेला.

फौजदारांनी दार उघडलं. मिशा तुम्ही चित्रात बघता तशाच. खुर्ची दाखवली. मी बसलो, बसणं मला जमतं. मोतीवाली चहा घेऊन आली, गळ्यात दुकानाची माळ, चेहरा कोरा. फौजदार म्हणाले, "काय करता?"

"कारकून आहे. घड्याळ-दागिन्यांच्या कंपनीत."

"किती वाजले?"

आता हा काय साधा प्रश्न आहे? सवयीने बाही वर केली... आणि तिन्ही दिसली. फौजदारांचा कप ओठांपर्यंत येऊन थांबला.

"हे काय?"

"घड्याळ."

"आणि हे?"

"तेही."

"दुसरा हात दाखव." अहो-जाहो गेलं ते तिथेच! दुसरी बाही वर. हातातला चमचा खाली पडला, तो उचलायला वाकलो आणि गळ्यातून मोत्यांची माळ लोंबत बाहेर आली. फौजदारांनी ती एका बोटाने उचलून धरली.

"ही कुणाची?"

खरं सांगावं म्हणून मी सांगितलं, "मालकीणबाईंची."

"मालकीणबाईंची माळ तुझ्या गळ्यात?"

"उबेसाठी, साहेब."

या उत्तरावर मोतीवालीने कपाळाला हात लावला. तिने सगळं समजावून सांगितलं, यंत्र, मावशी, ऊब, सगळं. पण खरी गोष्ट जितकी सांगावी तितकी खोटी वाटायला लागली. फौजदार उठले. दारापाशी गेले, कडी लावली आणि फोन उचलला. मला वाटलं, आता मुलगीही गेली, नोकरीही गेली, आणि संध्याकाळचं जेवण सरकारी!

फोन लावला मालकांना. आमच्या मालकांच्या मते फोन म्हणजे लांबून ओरडायचं साधन, त्यामुळे तिकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"कोण? फौजदार? निवृत्त ना? मग बोला!"

"तुमचा कारकून इथे बसलाय. अंगावर पाच घड्याळं आणि मोत्यांची माळ."

"बसलाय?" मालक किंचाळले. "बसू कसं दिलंत? उठवा! हात हलवायला सांगा, हात! एखादं बंद नाही ना पडलं?"

फौजदारांनी माझे हात धरून एकेक घड्याळ कानाला लावलं. "उजव्या हातावरची दोन्ही बंद आहेत."

"बघा! त्याला घड्याळ बांधणं म्हणजे खांबाला बांधणं! माशी बसली तरी हाकलत नाही तो!"

"माणूस कसा आहे?"

"अहो, काय सांगू! परवा एका गिऱ्हाइकाने चिडून त्याच्या तोंडावर पावती फेकली. दुसरा कुणी असता तर हाणली असती. आणि हा? बसल्या बसल्या उचलली, सरळ केली आणि फाइलला लावली! हात म्हणून उठत नाही त्याचा!"

फौजदारांनी फोन ठेवला. माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "जन्मभर हात चालणारी माणसं पाहिली. कुणाचा दुसऱ्याच्या खिशात चालायचा, कुणाचा बायकोवर. तो ट्रकवाला परवा याच खुर्चीत बसून बोलत होता, बोलता बोलता हात असा भिरकावला की आमची पाण्याची सुरई फुटली, आणि वर हसला. ज्याच्या हातावर चालती घड्याळं बंद पडतात असा माणूस मात्र आजच बघतोय." मग मुलीकडे वळले, "काय गं, पसंत आहे?"

मोतीवाली म्हणाली, "मी तर केव्हाची हलवून थकले, बाबा!"

त्यांनी दाराची कडी काढली. मला वाटलं, झालं, सुटलो! कसला सुटतोय! फौजदारांनी माझ्या उजव्या हातावरची बंद घड्याळं सोडवून आपल्या मनगटावर चढवली. "ही माझ्याकडे राहू दे. मी रोज सकाळी तळ्याला फेऱ्या मारतो." नुसता हात झटकला आणि दोन्ही चालू!

लग्न झालं, संसार झाला, छान झाला, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आमच्या सासऱ्यांबद्दल आहे. दर सोमवारी ते घड्याळं घेऊन दुकानात यायचे, एक बंद नाही की मागे नाही. मालक केबिनमधून बाहेर यायचे, त्यांना खुर्ची द्यायचे, "बसा" म्हणायचे, बसा! आणि मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायचे, "बघा, कारकून, बघा! पगार नाही, काही नाही, आणि काय कामाचा माणूस आहे! सासऱ्यांकडून काही शिका!"

मी निवृत्त झालो तेव्हा छोटासा समारंभ ठेवला होता. माझा हो, माझा! थकलेले मालक माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि सासऱ्यांबद्दल अर्धा तास बोलले. भेटवस्तूही त्यांच्याच हातात दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिने तर सगळ्यात जोरात. फोटो आहे घरी, या कधीतरी बघायला. मधोमध काठी टेकलेले सासरे, शेजारी मालक, आणि पार कडेला तो अर्धा खांदा दिसतो ना... तो निवृत्त होणारा.