हौद झाला की टँकर

न्हाई न्हाई, मला त्या हौदाचं नाव काढू नका. तुमाला सांगतो, बावीस वर्षं गवंडीकाम करतोय, घरं बांधली, देवळं बांधली, पर आसला हौद... दुष्काळ पडलेला, आमच्या दूध सोसायटीनं ठरवलं, जनावरांसाठी हौद बांधायचा, हौद झाला की टँकर येणार. आठ दिवसांचं काम! माझी सोताची गाय चंद्री दावणीला तहानलेली उभी, मी कावून रेंगाळन?

चौथ्या दिवशी चेअरमन अर्जुनराव आले. चष्मा कपाळावर सारून म्हनले, "राधाकिशन, समदं बराबर हाय, येवढंच बदल. माझ्या नावाची पाटी बसंना, भिंत हातभर उचल."

"साहेब, गाईचं तोंड पुरायचं न्हाई."

"मान वर करंल की बे!"

उचलली. मग डायरेक्टर बद्रीनाथराव, त्यांचं बोलणंच नाकातून, "येवढंच बदल, हौद माझ्या दारापुढं घे, गावाची शोभा हाय." फोडला हो, बांधलेला हौद फोडला आन त्यांच्या दारापुढं पयल्यापासून बांधला. मग तालुक्याहून साहेब आले, "छान! एवढंच बदला, गाईंना चढायला उतार करा." आता हौदाला उतार कावून लागला, इचारा की कुनीतरी...

आठ दिवसांचे तीन महिने झाले. बायको माझी, मुक्ताबाई, रोज दारातच इचारायची, "झाला का हौद?" मी म्हनायचो, येवढंच राह्यलंय. आमच्या प्यायच्या हंड्यातलं पानी ती चंद्रीला पाजायची, पर तांब्यानं गाईचं कितीक भागनार? एका सकाळी चंद्री बसली ती उठलीच न्हाई. मी थापी घेऊन दुसऱ्याच्या दारात, आन माझी गाय घरी पान्यावाचून... लई रडलो हो. आजून रडू येतंय.

उद्घाटनाला टँकर आला. हौद काठोकाठ भरला. आन गावात जनावर? एक न्हाई. जगलेली समद्यांनी पाटोद्याच्या बाजारात इकलेली. फोटोवाला खोळंबला. अर्जुनराव माझ्या कानाशी आले, "राधाकिशन, येवढंच कर, तूच जरा पिऊन दाखव."

काय करता? उतारावरून चढलो, वाकलो, प्यालो. पानी गोड होतं, त्येच सोसंना.

फोटो पेपरात आलाय. माझ्या नावापुढं छापलंय, लाभार्थी.