जालिंदरचं कपाळ आणि माझं नाक

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. आपलं दुखणं मोठं की लहान, हे ठरवायचं कुणी? आपण स्वतः? आरशाने? की शेजारणीने? — बघा, शेजारणीचं नाव काढताच बायकांच्या बाजूला हसू फुटलं, म्हणजे अनुभव आहे!

मोठमोठ्या रोगांतलं मला कळत नाही. मी आपला दृष्टांत घेतो तोंडावरच्या पुटकुळीचा. हसू नका! पुटकुळी आली की माणूस एक तर राईचा पर्वत करतो, नाहीतर पर्वतावर चादर टाकून 'काही नाही' म्हणतो. पहिल्या जातीचा नमुना तुमच्यासमोर चिपळ्या घेऊन उभा आहे.

निंबाळवाडीला भैरोबाचा उत्सव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तो नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी! एकच. पण कुठे? शेंड्यावर! वय माझं बावन्न आणि पुटकुळी सोळाव्या वर्षाची! पोथी वाचायचं भिंग घेतलं, आरशात बघितलं — अरे देवा, बोराएवढी! वर टूथपेस्ट थापली. मग तर ज्यांना दिसली नसती त्यांनाही दिसायला लागली. सौभाग्यवतींना म्हटलं, आज कीर्तन रद्द. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, लोक तुमचं नाक ऐकायला येतात का?" मी निघालो तालुक्याला, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे.

मोटरसायकल कुणाची? जालिंदरची. जालिंदर म्हणजे माझ्यामागे टाळ धरणारा विशीतला पोरगा. कपाळ भुवयांपासून केसांपर्यंत बुक्क्याने काळं, आणि ऐन वैशाखात गालांवरून उपरणं गुंडाळलेलं. उत्सवाच्या पहिल्याच दिवशी मी त्याला भर सभेत उभं केलं होतं. म्हटलं, भक्ती बघायची तर हे कपाळ बघा! झालं. म्हाताऱ्या त्याच्या पाया पडायला लागल्या. बुक्क्याचा थर आणखी जाड झाला. आणि मी? माझ्या पारखी नजरेवर मीच खूश!

डॉक्टरीणबाईंनी माझं नाक क्षणभर पाहिलं. म्हणाल्या, साधी पुटकुळी आहे, दाबू नका, आपोआप बसेल. मला अपमान वाटला हो! एवढ्या लांब आलो आणि साधी? मी म्हटलं, नीट तपासा, प्रकरण गंभीर आहे. बाई शांत होत्या. म्हणाल्या, गंभीर कशाला म्हणतात ते आपण बघू. आत खोल, कडक गाठी लागतात का?

मी म्हटलं, नाही.

उशीला गाल टेकला तरी ठणकतं का? बरी झालेली जागा खड्डा ठेवून जाते का?

नाही, नाही. पण मंडळी, बाई आता माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे दाराशी जालिंदर उभा होता, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याची मान हळूच होकाराने हलत होती. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

बाईंनी शेवटचं विचारलं ते त्यालाच. "ह्याच्यापायी तू काय काय सोडलंस, बाळ?"

त्याने उपरणं गालांवर आणखी ओढून घेतलं. म्हणाला, "ताईच्या लग्नात मी एकाही फोटोत नाही."

बाईंनी ओल्या कापसाने कपाळ पुसलं. खाली सगळ्या गाठी, लाल, सुजलेल्या. उपरणं सोडलं तर गालांवर खड्डे पडायला लागलेले. घरी सगळे म्हणत होते, वयाचं आहे, जाईल. त्यालाही वाटे, ह्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं? बाई म्हणाल्या, हे साधं नाही, पण उपाय आहे. औषधाला काही महिने लागतील, धीर धर. आणि ही भुकटी आधी बंद कर, हिने वाढतंय. मला काय वाटलं सांगू? ज्या भुकटीने पोराचं तोंड पोळत होतं, तिच्यावर मी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

संध्याकाळी कीर्तनाला गाव जमलं. रिवाजाप्रमाणे बुक्क्याचं ताट फिरत फिरत आलं जालिंदरपुढे. तो उघड्या चेहऱ्याने उभा, ना बुक्का, ना उपरणं. सभेत कुजबुज सुरू झाली. आज हा पळाला, तर पुन्हा कुठल्या दारात तोंड दाखवणार नाही! मी काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यानेच दोन्ही टाळ पुढे केले.

"माझा बुक्का टाळाला लावा," म्हणाला. "तोंडाला औषध चालू आहे."

ताटवाल्याने टाळाला बुक्का लावला आणि ताट पुढे गेलं. एवढंच! आभाळ काही कोसळलं नाही. उत्सवाचा फोटो निघाला, तो देवळात टांगलाय. जालिंदर मधोमध, चेहरा उघडा. आणि कडेला एक बुवा, नाकापुढे चिपळ्या धरलेला. कोण ते विचारू नका!

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. उद्या आरशापुढे उभे राहाल तेव्हा भिंग घेऊ नका. पुटकुळ्या मोजत बसू नका. खोल आहे का, ठणकतं का, खड्डा पडतोय का, एवढं बघा. आणि घरात एखादं पोर उन्हाळ्यात रुमाल गुंडाळून फिरत असेल, तर 'वयाचं आहे' म्हणून मोकळे होऊ नका. घरातले फोटो काढा. त्यात ते पोर कधीपासून दिसेनासं झालंय ते शोधा, आणि आज जेवायला बसाल तेव्हा त्याला आपल्या शेजारी बसवा. भैरोबा तुमचं भलं करो, आणि माझ्या नाकाकडे तुमचं दुर्लक्ष होवो!