पाणीटाकीचं वळण

(दातांचा दवाखाना. भूमितीचे सर खुर्चीत आडवे, छातीवर निळा कागद. त्यांची बायको भिंतीशी स्टुलावर. डॉक्टर बाई हातमोजे चढवताहेत.)

सर : ...आणि वर मलाच हात करून दाखवतो! चूक त्याची आणि हात मला! डॉक्टर, दाढेचं राहू द्या बाजूला, आज मी मरता मरता वाचलोय.

डॉक्टर : तोंड उघडा. अजून मोठं. कोण हात करून दाखवतो?

सर : ओअरआयक...

डॉक्टर : थांबा, आरसा बाहेर काढते. हं, बोला.

सर : मोटरसायकलवाला हो! घाटात पाण्याच्या टाकीपाशी ते मोठं वळण नाही का? तिथे. लाल हेल्मेट, काळं जाकीट, वीस-बावीसचं कार्टं असेल. वळताना असा आडवा झाला, की मला वाटलं हा आता माझ्या बॉनेटवर डोकं टेकतोय.

बायको : अहो, पुरे. तपासू द्या त्यांना.

सर : का पुरे? चांगला झापला मी त्याला. काच खाली केली आणि विचारलं, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?

डॉक्टर : मग काय म्हणाला तो?

सर : हेल्मेटच्या आत काहीतरी पुटपुटला. चार शब्द धड बोलायची पण अक्कल नाही.

बायको : अहो, जरा दाराकडे बघा.

सर : दाराकडे कसं बघू? ही खुर्ची मला छत दाखवतेय. काय आहे दारात?

बायको : काही नाही. बोला तुम्ही. बोलाच.

डॉक्टर : ही दाढ का? खालची, उजवीकडची?

सर : आई गंऽऽ! हीच! चार दिवस डोळ्याला डोळा नाही.

डॉक्टर : काढावी लागेल. भूल देते आधी. छातीवर काय टोचतंय हे? कागदाची क्लिप बसत नाहीये.

बायको : खिशात किल्ली आहे. आमच्या लेकीच्या मोटरसायकलची. आठ दिवस खिशात घेऊन फिरतायत. रात्री उशीखाली, सकाळी खिशात. अंघोळीला जाताना सुद्धा बरोबर.

सर : सगळं कशाला सांगत बसतेस?

बायको : का नको? डॉक्टर, लेक गुरांची डॉक्टर झाली आमची. सोमवारी वरच्या दवाखान्यात रुजू व्हायचंय. बस आठवड्यातून दोनदा जाते. पोरीने मोटरसायकल घेतली, तर यांनी किल्ली काढून घेतली. सोमवारी हजर नाही झाली, तर ती जागा दुसऱ्याला देणारेत. आठ दिवस बापलेकीचं बोलणं बंद आहे. निरोप मी पोचवते. मीठ पाहिजे असलं तरी माझ्यामार्फत.

सर : आज डोळ्यांनी बघितलंस ना, कसली माकडं फिरतात त्या घाटात? त्यांच्यात पाठवू पोरीला?

डॉक्टर : बरोबर आहे. बेफाम माणसं असतात त्या रस्त्यावर. तोंड उघडा, जरा टोचेल.

सर : आज एवढा उशीर का हो केलात?

डॉक्टर : सकाळी वाटेत अडकले होते. म्हणून तर तुम्हाला अर्धा तास ताटकळत बसावं लागलं.

सर : सकाळी काय झालं?

डॉक्टर : वरच्या एका आजोबांना कवळी बसवून द्यायला निघाले होते. एका गाडीवाल्याने मला खडीत घातलं. पडले नाही, एवढंच. वीस मिनिटं दगडावर बसून होते, मग तशीच परत फिरले. पाण्याच्या टाकीपाशी.

सर : आकीआशी?

डॉक्टर : तोंड मिटू नका, सुई आत आहे.

बायको : लाल हेल्मेट दारामागे टांगलंय. मी मघापासून खुणा करतेय, तर यांना छत दिसतंय!

सर : डॉक्टर, मी काय म्हणतो, दाढ आता बरी वाटतेय. निघतो मी.

डॉक्टर : झोपा गपचूप. भूल गेलीय आत. आणि मी पुटपुटले नव्हते. "तुमच्या तरी बापाचा आहे का?" असं स्वच्छ विचारलं होतं.

सर : बाई आहात हे कळलं असतं तर मी...

डॉक्टर : तर काय? काच वर ठेवली असती?

बायको : घ्या! उत्तर द्या आता.

सर : पण चूक तुमचीच होती. तुम्ही रेषेच्या अलीकडे होतात, माझ्या बाजूला. मी भूमिती शिकवतो, मला रेषा कळतात.

डॉक्टर : मग हा बघा प्लास्टरचा जबडा. ही दातांची रांग म्हणजे घाट. हे सुळ्यापाशी टाकीचं वळण. धरा हातात. ही कापसाची गोळी तुमची गाडी, हा चिमटा मी. वळण तुमच्या डाव्या हाताला, माझ्या उजव्या. तुम्ही कुठे होतात? ठेवा गोळी.

सर : इथे.

बायको : खोटं. अजून उजवीकडे. अजून. हं, तिथे. रेषा चाकांच्या मधोमध होती.

सर : तू कुणाच्या बाजूची आहेस?

बायको : मी त्या गाडीत बसले होते, त्या बाजूची आहे. मी ओरडले तेव्हा काय म्हणालात? "ओरडू नकोस, दाढ ठणकते."

डॉक्टर : सर, डावं वळण एवढं पसरून का घेतलंत? हात कुठे होते?

सर : एक स्टिअरिंगवर.

डॉक्टर : आणि दुसरा?

बायको : गालावर. घरापासून इथपर्यंत.

सर : अहो, डाव्या वळणाला गाडी वळली की अंग उजवीकडे जातं. उजवीकडे दाढ. ठॉक करून कळ जायची, थेट कानात. म्हणून मग मी वळणं जरा... सरळ करत आलो.

डॉक्टर : सरळ करत?

सर : पलीकडच्या बाजूने शिरायचं, मग वळण कमी लागतं. कागदावर काढून दाखवतो.

बायको : एकोणीस वळणं, डॉक्टर! एकोणीस वळणं या माणसाने दाढेसाठी सरळ केली. मी देवाचं नाव घेऊन घेऊन दमले.

डॉक्टर : एवढं दुखत होतं तर फोन करायचा. मी वर येतच होते, घरी येऊन बघितलं असतं.

सर : ठोन ठी ठरायला ठाहिजे ठोता.

डॉक्टर : काय म्हणतात?

बायको : "फोन मी करायला पाहिजे होता." जीभ जड झालीय, अक्कल हलकी होतेय. बोला, मी सांगते त्यांना. मला सवय आहे निरोपांची.

डॉक्टर : खरं सांगू? थोडी चूक माझीही आहे. हा चिमटा बघा. उजव्या वळणाला मी उजवीकडे झुकले. चाक माझ्याच बाजूला होतं, पण डोकं रेषेपलीकडे गेलं होतं, तुमच्या बाजूला. चाक सांभाळलं आणि डोकं विसरले. रेषेपासून हातभर आत राहून वळायला पाहिजे होतं. तुम्ही तुमच्या बाजूला असतात, तरी मी घाबरवलंच असतं तुम्हाला.

सर : ठग ठोघंही.

बायको : "मग दोघंही." बघा, किती खूश झाले! अहो, तुमची चूक जास्त आहे.

सर : ठाहीट आहे.

बायको : "माहीत आहे." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकते हा शब्द. डॉक्टर, हे औषध घरी न्यायला मिळतं का?

डॉक्टर : आता हलू नका. दाब जाणवेल, दुखणार नाही.

सर : आ... आआ...

डॉक्टर : झालं. ही बघा. किडकी, पण मुळं काय घट्ट! हा कापूस दाबून धरा. अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही.

बायको : अर्धा तास? तास नाही का होणार?

डॉक्टर : गाडी पण चालवायची नाही आज. तुम्हाला येते?

बायको : येते ना. हे बाजूला बसले की येत नाही, एवढंच. आज बोलणार नाहीत, म्हणजे येईल.

डॉक्टर : सर, एक विचारते, मानेनेच सांगा. किल्ली रागाने काढून घेतलीत की भीतीने?

बायको : त्यांची मान राहू द्या. मी सांगते. पोर पाच वर्षांची असताना सायकलवरून पडली. हनुवटीला चार टाके. डॉक्टर टाके घालत होते आणि हे बाहेर बाकावर बसून हमसून हमसून रडत होते. आज पोर गाईगुरांना सुया टोचते, आणि यांच्या डोळ्यांपुढे अजून तीच हनुवटी आहे.

डॉक्टर : माझे वडील पण असेच होते. आज त्या दगडावर बसले होते ना, तेव्हा वाटलं, त्यांना फोन करावा. मग आठवलं, ते आता नाहीत. सर, मला ओरडायला तरी कुणीतरी हवं होतं, आणि ओरडलात तुम्ही. काच खाली करून.

बायको : अहो, डोळे पुसा. कापूस नाही, रुमाल घ्या! काय शोधताय खिशात? अगं बाई. किल्ली.

डॉक्टर : माझ्याकडे नका देऊ, यांच्याकडे द्या. सोमवारी मी आठला वर जाते, आजोबांची कवळी बसवायची राहिलीय. लेकीला म्हणावं, टाकीपर्यंत खाली येऊन थांब. पुढे मी राहीन, मागून ती येऊ दे. वळायचं कसं आणि डोकं ठेवायचं कुठे, ते सांगेन. आज मलाही नीट कळलंय.

बायको : थांबा, आत्ताच लावते फोन. हॅलो! हो गं, काढली दाढ. ऐक, किल्ली माझ्या हातात आहे. नाही, चोरली नाही! त्यांनीच दिली. हो, स्वतः. अगं खरंच. बोलता येत नाहीये त्यांना, तोंडात कापूस आहे. अगं... रडतेय ही. अहो, ती रडतेय. काय सांगू तिला? वळणावर सावकाश जात जा, असं सांगू?

डॉक्टर : सर, कापूस काढू नका! सर!

सर : तिला नको. ते मला सांग.