फोन आडवा धरला म्हणून

नाही, दिलीपसर, सही नाही करणार. 'कामगाराने फोन आडवा धरल्यामुळे अपघात झाला' – याखाली योगिता पाटील नाही लिहिणार. बसा, उभ्याने नका ऐकू.

उखाभाऊंनी फोन आडवा धरला – हो, धरला! मशीन चालवायच्या आपल्या कंपनीच्या ॲपमध्ये एम्ब्रॉयडरीची डिझाइन केवढी लांब, उभ्या फोनवर अर्धी तरी दिसते का? नाही दिसत. सुरतेत, कतारगामच्या त्या कारखान्यात सगळेच आडवा धरतात. मशीनवरचं लाल बटण कधीचं बंद पडलेलं – शेठ म्हणाले, मोबाईलवरूनच थांबवा. बोट सुयांखाली गेलं, दुसऱ्या हाताने माणूस पडद्यावर 'थांबा' शोधतोय – आणि ते नाहीच! का नाही? कारण ॲपमधलं ते बटण वरून सातशे पिक्सेलवर बसवलेलं. उभ्या फोनला उंची आठशे, ठीक. आडवा केला की लांबीची रुंदी होते, उंची उरते तीनशे साठ – मग सातशे कुठे येणार? पडद्याच्या खाली, बाहेर. फोन फिरला की जागा नव्याने मोजायची असते, सर, एवढंच. आम्ही एकदाच मोजली.

आम्ही म्हणजे – मी. तो सातशेचा आकडा माझा आहे. बघता काय असे? माझाच. आणि बारा दिवस आधी मी स्वतः फोन फिरवून पाहिला होता, बटण गायब झालेलं दिसलं होतं. तुम्हाला सांगितलं – तुम्ही म्हणालात, मशीनांचं प्रदर्शन होऊ दे, मग बघू. मी 'बरं' म्हणाले. बरं! माझे पप्पा वीस वर्षं लूमवर उभे राहिले, मला कळायला नको होतं? कोडच्या चार ओळींचं काम होतं ते. नोकरी पक्की व्हायची होती ना माझी, म्हणून गप्प बसले.

काल दवाखान्यात गेले होते. उखाभाऊंची बायको, धुरपदाबाई, विचारते, "बेटी, फोन आडा धरना गुन्हा शे का?" काय सांगू? म्हटलं, नाही मावशी, चूक माझी आहे. तिथेच कागद घेतला, सगळं लिहिलं – आकडा, तारीख, तुमचं 'मग बघू' आणि माझं 'बरं' – सही करून तिच्या हातात दिलं.

नोकरीची भीती आता नका दाखवू. राजीनामा मात्र देणार नाही – काढायचं तर तुम्ही काढा, कारण लिहून. तोवर बटण दुरुस्त करतेय, आजच सगळ्या फोनांवर जाईल.

तो तुमचा सहीचा कागद उचला, सर. कीबोर्ड झाकला जातोय.