भाकरी न मोडणारी चाकं

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या गौरीचा रोबो भाकरीवर तयार झालाय. गौरी माझी पुतणी. खोके उचलायची रोबोंची स्पर्धा उद्यावर आलेली आणि रोबोच्या पकडीला, खोका आत ओढून धरायला, कुठली फिरती चाकं लावावीत ते ठरेना.

"काका, कागदी खोका जरा चेपला तरी बाद की."

म्हटलं, "कडक भाकरीवर बघ."

रबरी चाकांनी भाकरीचा चुरा केला, प्लास्टिकच्यातून ती निसटली. वहिनी कडाडल्या, "डबा रिकामा केलाय माझा. आता भाकऱ्या कोण भरून देणार?"

शेवटी स्पंजच्या चाकांनी भाकरी अख्खी उचलली.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर आला. परीक्षक जेवायला बसले, तसा रोबो वळला, त्यांच्या ताटातली भाकरी अलगद उचलली आणि नेऊन स्पर्धा बघायला आलेल्या वहिनींच्या पुढ्यात ठेवली.

रिमोट कुणाकडे होता, ते विचारू नका.