ठोकल्यावरही न हललेला चापडा

मी मूळची भिवापूरकडची. माहेरी मिरच्या तोडल्या, लग्न होऊन नागपुरात आली तं हातात बांबू आला, तो आजपर्यंत. आमचं बुरडकाम, सुपं अन् टोपले विणायचे, जरीपटक्याच्या बाजारात विकायचे. सासूनं पयल्याच दिवशी सांगतलं, का पोरी, जंगलातून आलेला बांबूचा भारा सोडायच्या आंधी त्याले काठीनं तीनदा ठोकत जाय, आतमंधी जनावर असलं तं निघून जाते, मंग हात घालायचा. पंचवीस वर्सं ठोकलं. इंचू पळाले, एकदा धामण सरसर निघून गेली.

त्या दिवशी बी ठोकलं, चांगलं ठोकलं, काहीच निघालं नाई म्हणून हात घातला. बोटाले आग लागली तवा दिसलं, हिरव्या बांबूवर हिरवंच वेटोळं, डोस्कं तिकोनी. सासू म्हणे हरणटोळ होय वं, काही होत नाई. पन काय सांगू तुमाले, हरणटोळ सुतळीसारखी बारीक असते, हा जाड होता, अन् चावूनही तिथंच बसून होता.

सर्पमित्र आला, त्यानं बरणीत घेतला, म्हणे मावशी, हा चापडा, इषारी, झाडावर अन् बांबूवर राहते. म्हटलं, मंग ठोकल्यावर पळाला काहून नाई? म्हणे, हा पळतच नाई, रंगाच्या भरवशावर दिवसभर एका जागी बसते, राती बेडूक, पाल नाईतं उंदीर जवळ यायची वाट पाह्यते, डोळ्याच्या अन् नाकाच्या मधात खाच असते, तिच्यानं अंधारातही गरम अंग वळखते. अंडे नाई घालत, जित्ते पिल्लं देते. म्हंजे आमी इतकी वर्सं पळणाऱ्यांसाठीच ठोकून राहिलो होतो.

हात खांद्यापर्यंत सुजला, सहा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरीनबाई म्हणे जीव वाचला, बोट मातर वळनार नाई. उजव्या हाताचं, ज्यानं बांबूची कमची दाबून विणतो तेच. लई रडली मी, जिवासाठी नाई, त्या बोटासाठी.

आता सून विणते, मी कोपऱ्यात बसून बांबू सोलते. भारा ती दोरी कापून आंगणात पसरवते, लांबूनच काठीनं एकेक बांबू सरकवते, पाह्यते, मंगच हात लावते. सर्पमित्र सांगून गेला, चापडा जंगलातल्या बांबूच्या बनात नेऊन सोडला. बरं केलं बापा, तो जगो, त्याचे पिल्लं जगो. लोकं मले म्हणते, सोड हे काम, दुसरं पाह्य. ह्या बोटाले कोन काम देईन? कोनी कितीबी ठोको, मी कुठं पळनार.